सात नावा

फॅरोच्या आमच्या बेटावर नाचाला वाद्य नसतं.
पायच वाजतात.
हातात हात अडकवून रिंगण धरायचं,
दोन पावलं डावीकडे, एक मागे,
आणि लाकडी जमीन खालून हुंकार भरते.
म्हातारी मार्यून कथागीत उचलते.
डोळे मिटलेले, ओठावर घाम,
नव्वद कडवी तोंडपाठ,
पण चहात साखर घातली की नाही
ते सुनेला विचारावं लागतं.

    निघे सुन्व्हा मध्यरात्री, सोडी बापाचे ती दार
    हेरगेर उभा तीरी, नाव लाटेवर स्वार

इथवर खरं आहे.
फक्त ती मोज्यांत निघाली होती.
बूट बापाने पेटीत घालून कुलूप लावलं होतं,
किल्ली गळ्यात.
डान्यलच्या मेंढ्या एकशे चाळीस.
हेरगेरची एक, तीही लंगडी.
"ज्याला कुरण नाही त्याला चूल कशाला?"
एवढंच बोलून तो पुन्हा सुरी परजायला लागला होता म्हणे.

    सात नावा मागे आल्या, सात मशाली पेटल्या
    बाप गर्जे: शापतो मी! लाटा थरारून गेल्या

सात कुठल्या?
एक.
जुनी, फटीतून पाणी घेणारी.
पण "एक" म्हटलं की कडवं लंगडतं,
आणि मशाल त्या वाऱ्यात
पेटवून दाखवावी कुणी.
त्या नावेत मागच्या वल्ह्यावर माझा पणजोबा होता,
सीमुन, वय तेरा,
झोपेतून उठवून आणलेला.
त्याने आजीला सांगितलं,
आजीने मला, लोकर विंचरताना,
तेही अर्धं, कारण मध्येच कुणी तरी आलं.

डान्यल वल्हवत होता तो माणसासारखा नव्हे.
तळव्यांची सालं गेली होती.
काळ्या कड्याच्या टोकापाशी
अंतर उरलं होतं तीन नावांचं, फार तर चार.
सुन्व्हा मागे बघत बसलेली,
हेरगेर पुढे न बघता ओढत होता,
आणि टोकापलीकडे पाणी फिरायला लागलं होतं.
भरती उलटली की तिथला प्रवाह
नाव उचलून खडकावर ठेवतो.
दर्यावरच्या माणसाला हे दिसतं.
बिनकुरणाच्या शेतगड्याला कुठून दिसणार?

डान्यलने वल्ही पाण्याबाहेर काढली.
उभा राहिला.

    गिळो समुद्र तुम्हाला, नको माती, नको घंटा
    बुडताना आठवोत माझ्या घराच्या ह्या वाटा

या कडव्याला सगळं घर हादरतं.
पोरंसुद्धा टाच आपटतात.
मार्यूनचा आवाज तिथे चिरतो, दर वर्षी, नेमका तिथेच.

सीमुनने ऐकलं ते असं:
"डावीकडे! डावीकडे धर, गाढवा!
खडक सोड! डावीकडे!"
घसा फुटेस्तोवर.
ती नाव वळली.
मग धुकं.
मग डान्यल खाली बसला
आणि परतीच्या वाटेवर पोराला म्हणाला,
"मी काय बोललो ते घरी सांगायचं नाही."
गावाने विचारलं तेव्हा त्यानेच सांगितलं, शाप दिला.
गावाला तेच हवं होतं.

त्याने माफ केलं नाही. तसं समजू नका.
पलीकडच्या बेटावरून तिची तीन पत्रं आली,
तीनही परत गेली.
नातवाच्या बारशाला गेला नाही.
तिचं नाव घेतलं की ताटावरून उठायचा.
मेल्यावर पेटी उघडली तर बूट होते,
चामडं मऊ,
ताज्या चरबीचा वास.

एकदा मी मार्यूनला हे सगळं सांगितलं.
तिने ऐकून घेतलं, नाक पुसलं,
म्हणाली, "माहीत आहे गं.
पण 'गाढवा' वर ठेका कसा धरणार?"

म्हणून दर हिवाळ्यात सात नावा निघतात.
मीही ओरडते, शापाला टाच आपटते.
गीत पुढे जातं,
रिंगण आपलं फिरत राहतं,
दोन पावलं डावीकडे,
एक मागे,
दोन पावलं डावीकडे.